शस्त्रक्रिया नागपुरास, भोवळ आलापल्लीस

माझी सारी चाकरी वनखात्याच्या दफ्तरात गेली, आणि त्या चाकरीने जी थोडीफार शहाणीव पदरात टाकली तीत एक गोष्ट अशी की, कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडणे हे जंगलाच्या कारभारातील सर्वांत सोपे काम होय. आखणी झाली, झाडांवर हातोड्याचे ठसे उमटले, मजूर रुजू झाले की थोड्या दिवसांत उभे रान आडवे होते, लाकूड आगारात येऊन पडते, आरागिरणीवर चिरले जाते आणि हिशेबाच्या वहीत रक्कम जमा होते. परंतु त्या खुंटांना फुटवे येतात की नाही, फुटव्यांत गुरे शिरतात की काय, वैशाखात वणवा लागतो की काय, विरळणीचा हंगाम कोणी तहकूब तर केला नाही ना, या गोष्टींची निगराणी पुढे कित्येक दशके करावी लागते. आणि ती ज्यांना करावी लागते त्यांची नावे तोडणीच्या अहवालात कधीच नसतात. गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या आलापल्लीचा साग देशभर गेला, तथापि या गावाची खरी प्रतिष्ठा १९५३ सालापासून न तोडता राखून ठेवलेल्या त्या लहानशा वनखंडात आहे, ज्याला आम्ही 'वनवैभव' म्हणतो आणि ज्याला २०१४ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

हे सारे आज आठवण्याचे कारण मात्र जंगल नसून आमच्या आळीतील एका गृहस्थाचे जठर आहे.

हे गृहस्थ माझ्याच खात्यातून सेवानिवृत्त झालेले. देह सव्वाशे किलोंच्या घरात गेलेला, गुडघे निकामी होत आलेले, मधुमेहासाठी दोन वेळा इन्सुलिन टोचून घेणे चाललेले. मुलाच्या आग्रहावरून त्यांनी नागपूरच्या एका रुग्णालयात वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. वर्षाच्या आत चाळीस किलो वजन उतरले, इन्सुलिनची सुई सुटली, आणि ज्या माणसास ओट्यावरून उठवावयास दोघे लागत असत तो सकाळी नागेपल्लीच्या रस्त्याने फिरावयास जाऊ लागला. गावाने कौतुक केले, मीही केले. या लेखातून शस्त्रक्रियेविरुद्ध फिर्याद दाखल करण्याचा माझा हेतू नाही, हे येथेच नमूद केलेले बरे, कारण ज्यांच्यासाठी ती योग्य आहे त्यांच्या आयुष्यात तिने घडविलेला पालट मी स्वतः पाहिला आहे.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात, एका सोमवारी, साबुदाण्याची उसळ, एक केळे आणि भरपूर साखरेचा चहा असा फराळ करून हे गृहस्थ बसस्थानकावर कोणास पोहोचवावयास गेले, आणि फराळानंतर सुमारे दोन तासांनी तेथे त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, जीभ जड झाली, आणि ओळखीच्या माणसाशी ते असंबद्ध बोलू लागले. जमलेल्या मंडळींपैकी कोणी म्हणाले, सकाळीच मोहाची घेतली असावी. कोणी बाहेरच्या बाधेचा संशय घेतला. आणि जे त्यातल्या त्यात सुज्ञ होते त्यांनी निर्वाळा दिला की, या वयात उपवास झेपत नाही. "काकाजी, बसा जी, साखरपाणी घ्या," असे म्हणून एका भल्या मुलाने पेलाभर सरबत पाजले. दहा-पंधरा मिनिटांत काकाजी ताळ्यावर आले. दीड-दोन तासांनी घरी पुन्हा तोच प्रकार! पुन्हा सरबत, पुन्हा उतार, आणि संध्याकाळी तिसरी भोवळ.

उपवासास दोष देणारे सर्व जण चुकले होते. अनर्थ केला होता तो फराळाने, आणि अनर्थाची पुनरावृत्ती केली होती त्या भरल्या पेल्याने. गोड खाल्ल्याने रक्तातील साखर घसरते हे विधान ऐकणाऱ्यास विरोधाभासाचा अलंकार वाटावा. परंतु ते शरीरशास्त्रातील साधे सत्य आहे, आणि वनखात्यात काम केलेल्या माणसास ते समजावून घेणे फारसे कठीण नाही. लाकडाच्या मालमोटारी जशा नाक्यावर थांबवून, परवाना पाहून, एकेक करून पुढे सोडल्या जातात, तसे जठराच्या तळाशी असलेले द्वार अन्नाचा घोट थोडा थोडा करून आतड्यात सोडीत असते. बायपास म्हणून जी शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहे, आणि जी १९६६ साली अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी प्रथम केली, तीत जठराचा लहानसा भाग वेगळा काढून तो थेट आतड्यास जोडतात. म्हणजे नाका चुकवून जाणारा रस्ताच बांधला जातो. स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या प्रकारात नाका कायम राहतो, पण जठराची निमुळती नळी झाल्यामुळे तेथूनही माल पूर्वीपेक्षा घाईने सुटतो. मग साबुदाणा, भात, पोहे, सरबत, जे काही पिठूळ वा गोड असेल ते एकदम आतड्यात उतरते, रक्तातील साखर अर्ध्या-एक तासात उंच उसळते, आतड्यातील जीएलपी-१ आदी संप्रेरके जोराची वर्दी देतात, आणि स्वादुपिंड त्या वर्दीस भिऊन गरजेपेक्षा कितीतरी अधिक इन्सुलिन पाठविते. साखर तोवर संपलेली असते, इन्सुलिन मात्र अजून अंमल गाजवीत असते; आणि जेवणानंतर एक ते तीन तासांनी माणूस कोसळतो. (याच जीएलपी-१ संप्रेरकाची नक्कल करणारी इंजेक्शने वजन उतरविण्यासाठी आज शहरांत विकली जात आहेत, हा या कथेतील एक वेगळाच विनोद.)

हा विकार शस्त्रक्रियेनंतर लगेच सहसा येत नाही. वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे उलटल्यावर, म्हणजे रुग्ण आणि शल्यविशारद या दोघांचीही परस्परांवरील नजर ढिली पडल्यावर तो येतो. जेवताच अर्ध्या तासात पोटात कळा, धडधड, जुलाब होणे हा त्याचा थोरला भाऊ निराळा. तो लवकर दिसतो, म्हणून लवकर ओळखला जातो. धाकट्याची ओळख वैद्यकासही उशिराच पटली. २००५ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील सर्व्हिस नावाच्या वैद्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपासनंतर जेवणापाठोपाठ साखर कोसळणाऱ्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा स्वादुपिंडातील पेशींचीच बेसुमार वाढ झाली असावी असा तर्क होता आणि त्या रुग्णांच्या स्वादुपिंडाचा भाग कापूनही काढला गेला. पुढे विचार पालटला. दोष मुख्यतः घाईने उतरणाऱ्या अन्नाचा आणि संप्रेरकांच्या अतिउत्साहाचा आहे असे मत बळावले, आणि सुरीऐवजी ताटाकडे लक्ष वळले.

महाराष्ट्राला रक्तशर्करेची ही घसरण एकदा भर व्यासपीठावर पाहावयास मिळाली आहे. नागपूरचे नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०११ मध्ये, पक्षाध्यक्षपदी असताना, मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. आणि ७ डिसेंबर २०१८ रोजी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात ते भोवळ येऊन कोसळले, तेव्हा साखर कमी झाल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले. या दोन घटनांमध्ये सात वर्षांचे अंतर आहे, आणि त्यांची गाठ मारण्याचा अधिकार त्यांच्या वैद्यांखेरीज कोणासही नाही. साखर उतरण्यास कारणे अनेक असतात, आणि मीही ती गाठ मारीत नाही. मी एवढेच पाहतो की, राहुरीच्या व्यासपीठावर सावरावयास शेजारी माणसे होती, वैद्य तत्काळ आले, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात कोणी मोहाच्या दारूचा उल्लेख केला नाही. आमच्या काकाजींच्या वाट्यास आलेले पंच बसस्थानकावरचे होते.

त्यांना तारले ते त्यांच्या मुलीने. ती माहेरपणास आली होती, आणि तिने एक दोनशे पानी वही घालून तीत रोजनामा लिहावयास सुरुवात केली: काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, भोवळ किती वाजता आली, त्या क्षणी बोटातून थेंब काढून यंत्रावर आकडा किती आला, आणि ग्लुकोज दिल्यावर किती वेळात बरे वाटले. तिला ठाऊक नसताना ती एका जुन्या वैद्यकीय निकषाची पूर्तता करीत होती. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ॲलन व्हिपल या शल्यविशारदाने घालून दिलेला नियम असा की, लक्षणे असावीत, त्याच वेळी साखर खरोखर उतरलेली असावी, आणि साखर चढताच लक्षणे नाहीशी व्हावीत. तिन्ही साक्षी जुळल्या तरच निवाडा द्यावा. वहीत ६१, ५२, ४८ असे आकडे होते. सत्तरच्या खाली गेले की सावध व्हावे आणि चौपन्नच्या खाली गेले की मेंदूची उपासमार सुरू झाली असे समजावे, हा सर्वमान्य दंडक आहे. ती वही नागपुरास गेली तेव्हा कुठे निदान झाले. तोवर गावातील एका खाजगी दवाखान्यात दोनदा अशक्तपणाचे सलाईन लावून झाले होते.

या प्रदेशात वहीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी रक्तचाचणी सर्वत्र प्रमाण मानली जाते, ती सिकलसेल असलेल्या रक्तात चुकीचा आकडा देऊ शकते, आणि सिकलसेल गडचिरोली-चंद्रपुरात किती घरांत आहे हे येथील कोणत्याही आरोग्यसेविकेस विचारावे. शिवाय सरासरी ही मुळातच लबाड वस्तू. सकाळी दोनशे आणि दुपारी पन्नास यांची सरासरी सव्वाशे येते आणि कागदावर सारे आलबेल दिसते. साखरेचे पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासण्याची जी जुनी रीत आहे, तीही बायपास झालेल्या माणसास लावू नये. त्याला ती चाचणी नव्हे, भोवळीचे आमंत्रणच ठरते. आणि पहाटे, उपाशीपोटी साखर उतरत असेल, तर तो हा विकार नव्हे असे धरून दुसऱ्या कारणाचा शोध तातडीने घ्यावा. तसेच वजन उतरल्यावरही मधुमेहाच्या जुन्या गोळ्या कोणी निव्वळ सवयीने गिळीत राहिला आहे काय, हे सर्वांच्या आधी विचारावे.

आता उपचार. तो मुख्यतः ताटात आहे, आणि माझी खरी तक्रार येथून सुरू होते. काकाजींना शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाने जे कागद दिले होते ते सारे इंग्रजीत होते, आणि आहाराच्या तक्त्यात ओट, ब्रोकोली आणि परदेशी पद्धतीचे दही यांची शिफारस होती. आलापल्लीच्या बाजारात काय मिळते याची चौकशी करण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. इकडे माणूस दोन वेळा भात खातो, आणि पाहुणपणात तिसऱ्या वेळी. एका वेळच्या जेवणात पिष्टमय पदार्थ सुमारे तीस ग्रॅमच्या वर जाऊ नयेत, मधल्या खाण्यात पंधराच्या वर जाऊ नयेत, असा या विकारातील सर्वसाधारण संकेत आहे. परंतु तीस ग्रॅम म्हणजे शिजलेल्या भाताची एक लहान वाटी, असे कोणी सांगितले तरच त्या आकड्यास अर्थ येतो. ती वाटीदेखील प्रथम खावयाची नाही. आधी अंडे, मासोळी, उसळ, दही, चण्याची भाजी, जे काही प्रथिनांचे असेल ते पोटात जावे, आणि भात शेवटी, डाळीशी कालवून. दर तीन-चार तासांनी थोडे थोडे खावे. जेवताना पाणी, ताक, आंबील काही पिऊ नये. अर्धा तास मागे-पुढे सरकवावे, कारण पातळ पदार्थाबरोबर सारा घास वाहून जातो. सरबत, गुळाचा चहा, मोहफुलांचा लाडू, साबुदाणा यांस निरोप द्यावा. मद्यास तर अगोदरच द्यावयास हवा होता. चहा बिनसाखरेचा आणि बेताचा. फुटाणे, शेंगदाणे, उकडलेले अंडे हे मधल्या वेळचे खाणे. आणि यांतील एकही वस्तू नागपुराहून मागवावी लागत नाही. ब्रोकोलीवाचून कोणाचे अडत नाही, पण ही गोष्ट मराठीत लिहून देण्यावाचून अनेकांचे अडते.

ताट बदलून भागले नाही, तर अकार्बोज नावाची जुनी गोळी देतात. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतली असता ती पिष्टाचे साखरेत रूपांतर होणे लांबविते. पोटात वारा धरतो, ही तिची खोड. परंतु तिच्या पाठीमागे एक सूचना अनिवार्य आहे, आणि ती न सांगणे मी गुन्ह्याच्या जवळचे समजतो: ही गोळी घेणाऱ्याची साखर उतरली तर घरातील साधी साखर, गूळ, पेढा यांचा उपयोग लवकर होत नाही, कारण त्यांचे विघटन त्या गोळीनेच रोखून धरलेले असते. त्याला औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची भुकटी किंवा गोळ्याच द्याव्या लागतात. काकाजींच्या घरी हे कळले ते एकदा चार चमचे साखर घालूनही आकडा हलेना तेव्हा. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते. आणि ती पुडीही मोजून वापरावयाची: सुमारे पंधरा ग्रॅम घ्यावे, पंधरा मिनिटे थांबून आकडा पाहावा, न चढल्यास पुन्हा तेवढेच, आणि चढल्यावर मूठभर शेंगदाण्यांसारखे काही खाऊन तो स्थिर करावा. बसस्थानकावरच्या त्या मुलाच्या भरल्या पेल्याने दुसरी भोवळ ओढवली होती, कारण प्रत्येक मोठा गोड घोट पुढच्या घसरणीची पेरणी करतो. ज्याची शुद्धच हरपली आहे त्याच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये. त्याला कुशीवर वळवावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि शिरेतून ग्लुकोज मिळेल अशा ठिकाणी पोहोचवावे. याही उपायांना न जुमानणारे रुग्ण असतात. त्यांच्यासाठी डायझॉक्साइड, ऑक्ट्रिओटाइड अशी औषधे आणि क्वचित शस्त्रक्रिया उलटविण्यापर्यंतचे मार्ग आहेत, पण तो प्रांत तज्ज्ञांचा.

येथे एक आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो क्षुद्र नाही. ज्या जिल्ह्यात अजून हिवताप आहे, बालकांचे कुपोषण आहे, पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पुराखाली जातो, त्या जिल्ह्यात स्थूल माणसांच्या जठराची चिंता कशास? याचे उत्तर असे की, आलापल्ली हे जंगल जितके आहे तितकेच ते बाजाराचे गावही आहे. आगाराचे कर्मचारी, ठेकेदार, पोलीस, शिक्षक, दुकानदार, आणि अलीकडे सुरजागडच्या खनिजावर पोट भरणारे चालक व मुकादम या सर्वांच्या बैठ्या आयुष्यात मधुमेह शिरला आहे, आणि मधुमेहाच्या मागोमाग शहरातील रुग्णालयांच्या जाहिराती आल्या आहेत. वाहनचालकाची साखर चाकावर हात असताना उतरली, तर मामला एकट्या त्याचा राहत नाही; आष्टीच्या रस्त्यावर खनिजाच्या अवजड गाड्यांची जी रांग चालते ती ज्याने पाहिली आहे त्याला अधिक सांगणे नलगे. दुसरी गोष्ट, मागणी खर्चिक नाही. मी नवे रुग्णालय मागत नाही.

मी एक कागद मागतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, रुग्णास घरी सोडताना, एका पानाची मराठी चिठ्ठी द्यावी आणि तीत तीन-चार ओळी असाव्यात: या माणसाची अमुक शस्त्रक्रिया अमुक तारखेस झाली आहे, जेवणानंतर एक ते तीन तासांनी घाम, कंप वा भ्रम झाल्यास साखर तपासा, ग्लुकोज इतके द्या, याहून अधिक नको, आणि या क्रमांकावर कळवा. त्या चिठ्ठीची एक नक्कल रुग्णाच्या तालुक्यातील सरकारी रुग्णालयात, आमच्या बाबतीत अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात, रवाना व्हावी. साखर तपासण्याच्या पट्ट्या ज्याला विकत घेणे जड जाते त्याला त्या शस्त्रक्रियेच्याच खर्चात धरून किमान दोन-तीन वर्षे पुरवाव्यात; लाखांच्या घरात जाणाऱ्या बिलात एवढी तजवीज सहज बसते. येथून चंद्रपूर शंभर किलोमीटरांच्या पलीकडे आणि नागपूर अडीचशेच्याही पलीकडे आहे. दर भोवळीस तेथे धावणे कोणास परवडणार? सरकारच्या ई-संजीवनी सेवेवरून घरबसल्या वैद्याशी बोलता येते, तर शल्यविशारदांच्या आहारतज्ज्ञांनी महिन्यातून एकदा आपल्याच जुन्या रुग्णांची फोनवर हजेरी घ्यावी, यात अशक्य ते काय? कूप तोडून ठेकेदार निघून गेला तरी खाते राहते. येथे खातेच नाही, असा हा बेबंद कारभार आहे.

आशा सेविकांवर हे आणखी एक ओझे टाकावे असे मी म्हणणार नाही. त्यांच्या खांद्यावर आधीच पुष्कळ आहे आणि मानधन मात्र थोडे. पण बसस्थानकावरचा वाहक, चहाटपरीवाला, शाळेचा शिपाई यांना एवढे जरी ठाऊक झाले की घामाने डबडबलेला, अडखळत बोलणारा प्रत्येक इसम प्यालेला नसतो, तरी पहिली दहा मिनिटे वाया जाणार नाहीत. काकाजींना भोवळीपेक्षा त्या दिवशीच्या मोहाच्या आरोपाचेच अधिक दुःख झाले होते. जन्मात त्या माणसाने थेंब घेतलेला नाही.

गेल्या महिन्यात अहेरीस एका लग्नात आम्ही दोघे एका पंगतीस बसलो होतो. वाढणारा मुलगा मठ्ठ्याचा पेला आणि जिलबीचे ताट घेऊन आग्रहास उभा राहिला, "थोडीशी घ्या जी, आजच्या दिवस." काकाजींनी पानावर हात आडवा धरला, वरणातली डाळ निवडून आधी संपविली, मग भाताचे चार घास घेतले, आणि हात धुऊन आल्यावर घड्याळ पाहून खिशातील वहीत वेळ लिहून ठेवली. दोन तासांनी, परतीच्या वाटेवर, त्यांनी गाडी थांबवावयास सांगून बोटास सुई टोचली. आकडा ९४ होता. तो त्यांनी वहीत लिहिला, मला दाखविला, आणि गाडी पुढे निघाली.